सुतळी

लातूरच्या एमआयडीसीत, आमच्या डाळमिलच्या शेडमध्ये,
पॉलिशचं मशीन तासभर बंद ठेवून
गिरवलकर मॅडमनी फळ्यावर लिहिलं : लीन.
मश्नाजी हमाल म्हणाला, देवापुढं होतात तसं का?
मॅडम हसल्या. खाली लिहीत गेल्या,
कामात वाया काय काय जातं ते.
ताटकळणं. ढीग लावून ठेवणं. केलेलंच पुन्हा करणं.

मी मधेच म्हणालो, चुनी जाती की वाया.
गयाबाईनं मला तिथंच गप केलं :
चुनी म्हशी खातात. टरफल विकतंय.
भिंतीकडेचा दाणासुदिक झाडून घेतो आम्ही,
इथं काय सांडत नाही, मॅडम.

दाणे नकोत, मॅडम म्हणाल्या. आज पाय बघू.

त्यांनी सुतळीचा गुंडा मागितला,
एक टोक तोलकाट्याच्या खांबाला बांधलं
आणि गुंडा दिला ताहेराबीच्या ओटीत.
ताहेराबी पोत्यांची तोंडं शिवते.
रोजच्यासारखं करा, एवढंच सांगितलं तिला.

ती चालली, सुतळी सुटत गेली.
काट्यापासून थप्पीपर्यंत, थप्पीपासून माझ्या हापिसापर्यंत,
तिथं कपाटातून दाभण, वहीत सही,
उर्दूत, उजवीकडून डावीकडं,
पुन्हा थप्पी, पुन्हा माझ्याकडं दाभण जमा,
दुसरा लॉट आला की पुन्हा सही.
हमाल पाठीवर कट्टा घेऊन
सुतळीवरून पाय उचलून जात होते,
झोपलेल्या लेकराला ओलांडावं तसे.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन गुंडे संपले.
तिसरा अर्धा.
शेडभर जाळं. कुठं एक पदर, कुठं दोन,
आणि माझ्या दारात मात्र
मनगटाएवढा दोरखंड.

मॅडमनी विचारलं, इकडं कशाला येता सारखं?
दाभण न्यायला.
दाभण इथं का?
कपाटात असतो.
कपाटात का?
कुलूप आहे.
कुलूप का?
आता सगळे माझ्याकडं बघायला लागले.

एक दाभण हरवला होता, मी म्हणालो.
कधी?
झाली की दहा वर्षं.
बरं, मग?

मग काय.
तेव्हा मी सगळ्या बायांना दारात उभं केलं होतं.
पदर झटकायला लावले होते.
ताहेराबीची ओटी उलटी केली, तिच्यातून पडली
अर्धी भाकर आणि एसटीचं तिकीट.
आणि पुढं दिवाळीत, कपाट आवरताना,
दाभण निघाला माझ्याच खातेवहीत.
पावत्या ओवायला मीच नेला होता.
गुपचूप बाकीच्या दाभणांत टाकला
आणि किल्ली फिरवली.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
मॅडम खडू धरून थांबलेल्या.
घसा कोरडा पडला माझा, तरी म्हणालो,
सापडला होता तो. नंतर.

ताहेराबी म्हणाली, माहीत आहे की.
टोक वाकडं होतं त्याचं.
दिवाळीनंतर पहिल्याच सहीला तोच आला हातात.
दहा वर्षं त्यानंच शिवायलाव.

कुणी काही बोललं नाही.
बाहेर मोंढ्याचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.
मश्नाजीनं खिळा आणला, खांबात ठोकला,
ताहेराबीच्या खांद्याच्या उंचीवर.
किल्ली मी मॅडमकडं दिली,
त्या म्हणाल्या, मला कशाला.

दुपारी मशीन सुरू झालं. तुरीची धूळ उडाली.
ताहेराबी सुतळी गोळा करायला लागली,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत वेढे घेत.
मी म्हणालो, राहू द्या, झाडून टाकतील पोरं.
का म्हणून, ती म्हणाली, शंभर पोती शिवून होतील हिच्यात.

वेढे घेत घेत ती माझ्या टेबलापर्यंत आली,
तिथं सुतळी अडली.
तिनं एकदा ओढून बघितली, मग खाली वाकून बघितलं.
साहेब, म्हणाली, जरा पाय उचला,
पायाखाली धरलीय तुम्ही.