अनामिका

औलूत नदी गोठली की आवाज पातळ होतात.
पत्र्याच्या शेडमधली यंत्राची घरघर तेवढी जाड,
आणि तिच्याकडे कान लावून बसलेली इर्या कुर्किनेन,
वय एकसष्ट, त्यातली तीस वर्षं कागदाच्या गिरणीत.

गिरणी बंद होतेय ही चिठ्ठी
तिच्याच यंत्रावरच्या कागदावर छापून आली होती.
वाचली तिनं. मग चिमटीत धरून वजन पाहिलं:
ऐंशी ग्रॅम. आपलाच माल.

इथे कागद नाही, पारदर्शक फिल्म,
आणि शाई म्हणजे चांदीचा चिखल,
करडा, मधासारखा ओघळणारा.
डब्याची किंमत ऐकली त्या दिवसापासून
ती झाकणाची कडाही निपटून घेते,
लोण्याच्या भांड्यासारखी.

"स्वस्त व्हायला हवं," ओइवा म्हणतो,
"दुधाच्या खोक्यावर लावून फेकून देण्याइतकं."
प्रबंध अर्धा झालाय त्याचा, दाढी तेवढीही नाही.
चांदी कमी करून काजळी घातली त्यानं,
मग तांबं आणलं. तांबं भट्टीत रुसलं, काळं पडलं.
परत चांदी.

गेल्या आठवड्यात चाळिसाव्या वळणाला रेघ तडकायची.
पेन्सिलीभोवती पट्टी गुंडाळ, सोड, गुंडाळ, सोड,
मीटर पिंपिं करत राहायचा
आणि मग एकदम गप्प.
ओइवानं शाई बदलली, जाळी बदलली, झोप सोडली.

इर्या म्हणाली, "ताण.
भट्टीत शिरताना ओढली जातेय ती.
गरम असताना ताणलेलं
गार झाल्यावर सूड घेतं."
कुठल्या पुस्तकात आहे हे, त्यानं विचारलं.
तिनं रुळाची कळ पाव फेरा सैल केली.

हजार वळणं झाली. रेघ बोलतेच आहे.

मग आज बोटावरची चाचणी.
बोट वाकलं की रेघ ताणते, पडद्यावर आकडा चढतो;
उद्या पक्षाघाताच्या रुग्णांना मोजता येईल
किती वाकलं, कालपेक्षा किती.
हातमोजा काढून इर्यानं डावा हात पुढे केला.
ओइवानं अंगठीच्या बोटावर पट्टी चिकटवली.
(फिनिशमध्येही त्या बोटाला बिननावाचंच म्हणतात.)

"वाकव."
शून्य.
"पुन्हा."
शून्य.
त्यानं तार हलवली, चिमटे तपासले,
वहीत लिहिलं: पट्टी निकामी. अक्षरसुद्धा पडलेलं.

इर्या हसायला लागली,
आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत.
"शहाऐंशी साल. दोन रुळांच्या मधे गेलं होतं.
तेव्हापासून सरळच आहे."

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं
तिनं गिरणीत पुष्कळ पाहिली, बाप धरून.
हे बोट तसलं नव्हतं बिचारं.
आधी मोडलं,
वाकायचं नंतर राहून गेलं.

पट्टी काढून तिनं तर्जनीवर लावली.
आकडा चढला, उतरला, चढला,
कुणी श्वास घेत असावं तसा.

ओइवानं वहीतली ओळ खोडली. थोडा थांबला.
लिहिलं: पट्टी ठीक. अनामिका, वाचन शून्य.
"शून्यही बरोबरच होतं की," तो स्वतःशीच म्हणाला.

इर्या तोवर यंत्राकडे वळली होती.
घरघरीत काहीतरी बदललं होतं,
अगदी किंचित, डाव्या बाजूला.