मॅचिंग

दोन बोटांएवढी चिंधी पर्समध्ये घालून
मी बाहेर पडतो.
रंग कुठला म्हटलं तर सांगता येत नाही.
कच्च्या सुपारीचा म्हणावा,
तर त्याहून थोडा उदास.

गणपत गल्लीत दुकानदार ती ट्यूबखाली धरतो.
'बाहेर उजेडात बघा, अक्का.'
उजेडात ती दुसरीच निघते.
मारुती गल्लीत मोरपंखी,
पांगुळ गल्लीत नुसतीच हिरवी,
खडेबाजारात ऊन असं तिरकं
की चिंधीला रंगच राहत नाही.

तेवढ्यात फोन. वैजूचा, लुव्हेनहून.
'दोन तास झाले, आत्ती, एका कॉफीवर.
कुणी ऊठ म्हणत नाही,
काय पाहिजे विचारत नाही.'
फोन फिरवून चौक दाखवते:
ओल्या फरश्या, आडव्या पडलेल्या सायकली,
इमारतभर दगडाची माणसं, त्यांच्या डोक्यांवर कबुतरं,
आणि मधोमध जागा. मोकळी.
तिथं कुणी काहीच विकत नाही.

आता तू दाखव, म्हणते.
आमच्या चौकाला मध्य कुठला?
मध्यावर हवालदार, त्याला चिकटून रिक्षा,
रिक्षाला चिकटून पेरूची गाडी.
चपला शिवणारा दुर्गाप्पा खोकं सरकवतो,
'कूडरी अक्का.'
त्या खोक्यावर बसून मी फोन उंच धरतो.
हे बघ बांगडीवाले. ही वर कानडी, खाली मराठी पाटी,
आणि ही खरवडलेली, कुठली ते आता कळत नाही.
हा कुंदा आटतोय, वास येतोय का?
ती हसते. हो म्हणते. खोटं.

'बरं, येते हं आत्ती.'

येते.

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला धरून बसतो.
आम्ही बायका इथं येतो, जातो,
न्हातो, रुसतो, बाळंतपणाला माहेरी जातो.
पुण्याच्या विहीणबाई लग्नात हसल्या होत्या,
'तुमच्यात बायका नाहीत वाटतं?'
तेव्हा भरल्या पंगतीतून उठून
हीच वैजू म्हणाली होती,
'मी चाललो.'

दुर्गाप्पा विचारतो, मिळालं काय?
नाही, म्हणतो मी.

शेवटी रविवार पेठेत, दिवे लागताना
जवळपासचा एक रीळ घेतला.
'एक धुणं झालं की मिळून जाईल,'
दुकानदार म्हणाला.
कोण कुणात, ते नाही सांगितलं.