प्रयुक्त

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, वरच्या फळीवर,
जिथं शिडी लावावी लागते,
तिथं माझा भाऊ आहे.
पान एकशे बारा, तक्ता चार.
प्रयुक्त क्रमांक सतरा. मुलगा. वय नऊ.
आमच्या गावाचं नाव नुसतं 'क'.

सिद्राम, ते सर आठवतात तुला?
भूकंपानंतरच्या थंडीत
पत्र्याच्या शेडात सतरंजीवर बसायचे,
पुढ्यात टेपरेकॉर्डर, हातात स्टॉपवॉच.
चपला बाहेर काढायचे, इतके सज्जन.
आप्पांनी अंगठा दिला.
त्यांना वाटलं, पत्र्यांची यादी आहे.

टेपमध्ये तो आवाज होता.
कुठं भरून आणला कोण जाणे,
जात्यासारखा,
पण जमिनीच्या पोटातून येणारा,
आणि मग भिंत.
तिसऱ्या दिवशीही तुझी चड्डी ओली झाली.
सरांनी तुझं मनगट सोडलं नाही,
ओठ हलवत मोजत राहिले.
नंतर ग्लुकोज बिस्किटाचा पुडा.
जो जास्त दचकेल त्याला दोन.

दुसऱ्यातला अर्धा तू मला द्यायचास
आणि मी, सात वर्षांची, बोटं चाटत विचारायची,
"उद्या येनारेत का रं सर?"
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सरांना बघायचं होतं,
पुन्हा पुन्हा ऐकवलं तर भीती झिजते का.
झिजत नाही, असं शेवटच्या प्रकरणात आहे.
अधिक संशोधनाची गरज आहे, असंही आहे.
ऋणनिर्देशात मार्गदर्शक, पत्नी, टंकलेखक,
आणि सगळ्यांत खाली
'वस्तीतील बांधवांचे मोलाचे सहकार्य'.

प्रयुक्त म्हणजे काय हो, मी ग्रंथपालांना विचारलं.
ज्याच्यावर प्रयोग करतात तो, म्हणाले.
शब्दकोशात बघितलं.
वापरलेला,
एवढंच होतं.

पानाच्या झेरॉक्सला दोन रुपये पडले.
पर्समध्ये आहे, औषधांच्या चिठ्ठीत घडी घालून.
दाखवणार होते तुला त्याच आठवड्यात,
पण त्या रात्री काशिलिंगच्या रानात
बोअरची गाडी लागली,
भांडी वाजायला लागली फळीवरची.
तू टेम्पो चालूच ठेवून उतरलास,
लाईट सुद्धा चालू,
आणि मोकळ्या मैदानात मांडी घालून बसलास,
उजव्या हातानं डावं मनगट धरून,
ओठ हलवत.
चाळीशी आली तुझी. मी खांद्यावर हात ठेवला.

"थांब," म्हणालास,
"मिनिट झालं नाही आजून."