वजा पाव

मॉकचा निकाल फोनवर आला तेव्हा
मी उद्यमनगरात दादांच्या लेथशेजारी उभी होते,
हातात त्यांचा डबा.
एकशेवीसपैकी अडतीस पूर्णांक पंचाहत्तर.
मागच्या रविवारी एक्केचाळीस होते.

एकावन्न बरोबर, एकोणपन्नास चूक,
वीस तशीच कोरी.
चुकीला पाव गुण वजा:
एकोणपन्नास पाव, सव्वाबारा गुण,
कुणी न मागता देऊन आले.

राजारामपुरीत क्लासच्या खाली बेकरी आहे.
पेपर सुरू व्हायला आणि भट्टी उघडायला एकच वेळ.
मगदूम सर म्हणतात, पाव म्हणजे काय, असं वाटतं,
पण पोरं पाव पाव करूनच बुडतात.
खालून गरम वास येतो
आणि मला भूक लागते की भीती वाटते
हे अजून कळत नाही.

गेल्या डिसेंबरात अल्फियाचं झालं, माझं नाही.
ती नागपूरला गेली. रोज फोन करायची,
मग आठवड्यातून, मग मीच उचलेना.
तिनं काही केलं नव्हतं.
मावसबहिणीच्या हळदीत एका काकूंनी विचारलं,
"सध्या काय चाललंय?"
म्हटलं, तयारी.
"अगंबाई, कधीचा मुहूर्त?"

रात्री तीनला जाग येते.
तळहात गार, छातीत कुणीतरी
बेंच सरकवल्यासारखा आवाज.
उठून मोरीत पाय धुते, फरशा मोजते.
बावीस. रोज बावीसच भरतात.
तेवढं एक उत्तर पक्कं आहे.

आई मंदिरातून आली. म्हणाली,
"लाइनीत दोन तास उभा राहिलो,
एकच मागितलं, आई, माझ्या पोरीला पाव."
मी म्हटलं, आई, पाव नको गं,
पूर्ण दे म्हणायचं.
तिला कळलं नाही. मग मी समजावून सांगितलं,
मग ती हसली, मग मीच रडायला लागले,
आणि ती प्रसादाचा पुडा सोडत म्हणाली,
"पुन्हा जातो की. त्यात काय."

पेपरावर वरच छापलेलं असतं:
दिलेल्या तत्त्वावरूनच उत्तर द्यावे,
स्वतःची माहिती वापरू नये.
हेच मला जमत नाही.
अ ची म्हैस ब च्या उसात शिरली.
मला लगेच म्हैस दिसते,
गंगावेशीत धार काढायला उभी असते तसली,
शिंगाला निळा रंग.
अ आणि ब चुलत भाऊ असणार,
दोन दिवस भांडतील,
तिसऱ्या दिवशी त्याच म्हशीचं दूध
ब च्या घरी जाईल.
मी "दावा टिकणार नाही" वर टिक केली.
वजा पाव.

दादांनी लेथ थांबवला. व्हर्नियर लावला,
डोळा बारीक केला.
"पाव सूत जास्त गेलं," म्हणाले,
आणि तासाभराचं काम
कोपऱ्यातल्या पेटीत टाकलं.
पेटी अर्धी भरलेली होती.
तीस वर्षं लेथवर असलेल्या माणसाची पेटी
इतकी भरलेली असेल
असं मला कधी वाटलं नव्हतं.
"ह्याचं काय होतं?"
"शिरोलीला जातं. भट्टीत."
एवढंच. पुढचा तुकडा चकमध्ये बसवला,
मग आठवून म्हणाले,
"किती पडले?"

सांगितलं.
ते काही बोलले नाहीत. हात पुसले,
डबा उघडला, भाकरीचा अर्धा माझ्यापुढे केला.
"चुकलेलं एक वाच बघू."
मी म्हैस वाचली. अ, ब, ऊस, चार पर्याय.
शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर ओरडत होता,
त्यांनी दोनदा वाचायला लावलं,
ठेच्यात बोट बुडवून बराच विचार केला.

"दावा कशाला टिकतोय? भाऊच आहेत की ते."

पेपरात कुठंच लिहिलेलं नव्हतं भाऊ म्हणून.

म्हटलं, दादा, तुमचापण वजा पाव.