न झालेले गोल

टीव्ही त्याचा चेहरा दाखवत नाही.
गोल झाला की मारणारा दिसतो, त्याची आई दिसते,
कोचाची उडी दिसते.
हा तेव्हा मागं कुठंतरी
वाकून मोजे वर ओढत असतो.
तीन वर्षं आम्ही त्याला पाठीकडूनच ओळखतो:
पाच नंबर, मान जरा डावीकडं कललेली,
नाव एवढं लांब की शर्टावर कमानीसारखं वळतं.
लालबियाकथांगा.
तेवढं म्हणेस्तोवर आमच्याकडं मालगाडी निघून जाते,
म्हणून आम्ही म्हणतो, बियाकभो.

आम्ही म्हणजे फार कोणी नाही.
हुरमत तडवी,
झोपे मास्तर (मॅचच्या रात्री आडनाव खुंटीला),
गार्डांच्या चाळीतला मेल्विन,
आणि मी, भुसावळ यार्डात हातोडीनं चाकं ठोकून बघणारा.
शिवाय हुरमतची पोरगी शमीम.
आणि तिची वही.

वहीत फक्त न झालेले गोल.
बहात्तरावं मिनिट. समोरचा एकटाच, मोकळा. मधे पाय आला. नाही झाला.
एकोणनव्वद. रेषेवरून, डोक्यानं. नाही झाला. रक्त.
चौथं मिनिट. काही घडलंच नाही, तो आधीच तिथं उभा होता.
मास्तर म्हणाले, पोरी, न घडलेलं मोजतात का कुठं?
ती म्हणाली, मोजलं ना.
दोनशे अकरा.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी:
भारत बरोबरीत सुटला.
सुटला म्हणे.
कुणी सोडवला, ते नाही.

पौषातली रात्र. फोन वाजला.
हुरमतचा भाचा रुबाब एसी डब्यात चादरी वाटतो,
समालोचक ‘क्लीन शीट’ म्हणाला
की त्याला वाटतं, आपल्याच धंद्याचं काही.
म्हणाला, मामा,
तुमचा पाच नंबर माह्या डब्यात झोपेल आहे.
हावड्याची गाडी. दोन चाळीसला भुसावळ. पाच मिनिटं.

तुरकाठ्यांवर वांगी भाजेस्तोवर बारा वाजले,
बडजीत ठेचून एक.
हुरमतच्या बायकोनं कळण्याच्या पुऱ्या तळल्या,
तळताना विचारलं, कोण पाहुणा?
कुणालाच नीट सांगता येईना.

बी-दोन. कडेचा खालचा बर्थ.
पडदा सरकवला तर डोक्यापासून चादर,
आणि बाहेर आलेली पावलं.
शमीमनं मोबाइलचा उजेड धरला:
उजव्या अंगठ्याचं नख काळं,
डाव्या घोट्याला पट्टी,
पोटरीवर जुने टाके, उसवलेल्या पोत्यासारखे.
बहात्तरावं मिनिट, ती हळूच म्हणाली.
मेल्विनचा हात उठवायला पुढं गेला.
मास्तर, ज्यांनी तीस वर्षं वर्गात पोरं हलवून जागी केली,
म्हणाले, राहू दे भो.
बुटांशेजारी डबा ठेवला.
गाडीनं हिसका दिला, आम्ही उतरलो.
सवयीनं मी चाकं ऐकली.
आवाज बरोबर होता.

मेल्विन अजून म्हणतो, तो कुणी फौजी असेल.
चेहरा कुठं पाहिला आपण?
यावर चहाच्या गाडीपाशी दोनदा भांडण झालं,
एक ग्लास फुटला.

चार दिवसांनी रुबाबनं डबा आणून दिला.
आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत,
निदान साखरेचे चार दाणे तरी.
यात काहीच नव्हतं.
चिठ्ठी नाही, सही नाही.
फक्त घासलेला.
झाकणाच्या खाचेतलं तेलसुद्धा निघालेलं,
जिथं कुणाचंच बोट पोचत नाही.
पँट्रीवाल्यानं घासला असेल, मेल्विन म्हणाला.

शमीमनं वही उघडली.
दोनशे बारा, तिनं लिहिलं,
मिनिटाच्या जागी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
मग लिहिलं:
झाकणाची खाच.