बासष्ट शून्य दोन

आधी नुसता खरखरायचा, तीनच्या पुढे.
मग दोनवर. मग रात्रभर,
दाढेखाली खडा आल्यासारखा.

ह्यांनी रोगाला चार नावं दिली.
आधी म्हणाले, वाटी घासतेय दांडीला,
आणि काडेपेटीचं खोकं दुमडून खोचलं.
मग म्हणाले, पाती वाकलीत –
दोऱ्यानं मोजली तिन्ही,
स्टुलावर चढून. स्टूल मी धरलेलं.
मग रेग्युलेटर बदलला. मग खोबरेल ओतलं वरून,
ते महिनाभर थेंब थेंब उतरलं
माझ्या उशीच्या अभ्र्यावर.

शेवटी मुलाण्यांची शाहीन आली, आयटीआय झालेली,
ओढणी कमरेला खोचून.
वर बघितलंसुद्धा नाही तिनं.
"काकी, पाचवर सोडा."
सोडला.
"आता बंद करा, आन गप ऱ्हावा जरा."

बटण बंद. पाती फिरत राहिली आपल्या नादात
आणि खरखर त्यांच्यासोबत,
हळू, अजून हळू,
अगदी शेवटच्या अर्ध्या फेरीपर्यंत.
"बटनासंगं मरतो त्यो आवाज करंटचा," ती म्हणाली,
"ह्यो करंट गेल्यावरबी बोलतोय. बेरिंग हाय."

हे खुर्चीतून म्हणाले, मी तेच म्हणत होतो.

पंखा उतरवून तिनं फरशीवर पेपर अंथरला,
स्क्रू माझ्या आमटीच्या वाटीत ठेवले,
हातोडीचे तीन टोले, बेतानं,
आणि मोटर उघडली.

आतून माती पडली.
तपकिरी, चमचाभर,
खोबरेलात भिजून गोळा झालेली.
"कृष्णामाई," शाहीन म्हणाली,
ओळखीची बाई दारात दिसावी तशी.

पुराच्या साली पाणी पात्यांना लागलं होतं.
आम्ही ते पाहिलं नाही, आम्ही मिरजेच्या शाळेत होतो,
सतरंजीवर, दुसऱ्यांच्या पांघरुणात.
परतल्यावर हेच म्हणाले, धुऊन वाळवला की चालतो.
चालला.
आठ दिवस गच्चीवर ऊन खाऊन चालला.
मी तेव्हा म्हटलं होतं, गावभाग सोडू या,
विश्रामबागेत, उंचावर, दोन खोल्या का असेनात.
त्यावर जे बोलणं झालं ते झालं.
पुन्हा कुणी काढलं नाही.

बेरिंग बासष्ट शून्य दोन, नग दोन.
मजुरी धरून पाचशे ऐंशी. हे साडेपाचशे म्हणाले,
शाहीननं पाचशे ऐंशीच घेतले.
जुनं बेरिंग ह्यांनी मागून घेतलं,
करंगळीत घालून फिरवत बसले संध्याकाळभर,
मधूनच कानाशी नेऊन.

रात्री पंखा तीनवर.
आवाज नाही, वारा तेवढा.
पलीकडच्या गल्लीतला खोकला कळला,
फ्रिज कळला,
ह्यांचं जागं असणं कळलं.

बऱ्याच वेळानं, वर बघत, म्हणाले,
"विश्रामबागेत आता भाव काय चाललाय गं?"

मी उठले, पंखा पाचवर केला,
पुन्हा आडवी झाले.
"सकाळी विचारते शाहीनला," म्हटलं,
"तिकडंच असतात तिची कामं."