रिकामा टेम्पो

शेट, तुमचा टेम्पो रिकामाच परत धाडलाय.
रागावू नका. ड्रायव्हरला जेवू घातलं,
सोलांची कढी त्यानं दोनदा मागून घेतली.

सर्पगंधा आहे. नाही असं खोटं सांगत नाही.
कुळागराच्या वरच्या अंगाला, फणसाच्या अर्ध्या सावलीत
दीडशे रोपं आहेत, मोजलेली.
पण ती दीड वर्षाची.
मुळं अजून करंगळीएवढी,
आणि करंगळ्या तोडून विकायला
माझं मन होत नाही.

तुमचे वडील होते तेव्हा माझा सासरा कुष्टा वेळीप
एकटाच शिरायचा रानात, खांद्यावर पारय.
एक झुडूप खणलं की एक ठेवायचं,
खड्ड्यात पिकली काळी फळं टाकायची,
पायानं माती लोटायची, मागं बघायचं नाही.
मग गावडोंगरीच्या तिठ्यावर तुमचा काटा आला.
काट्याला ठेवलेलं दिसत नाही,
खणलेलं तेवढं दिसतं.
दोन वर्षांत आम्ही तिघी जावांनी
अख्खी उतरण खरवडली.
हो, आम्हीच. तुमच्यावर नाही ढकलत.
माझ्या हातातल्या पाटल्या त्याच पैशांच्या.

पुढच्या चवथीला पोरं माटोळीसाठी रानात गेली,
कांगलं आणलं, घागऱ्या आणल्या, कुड्याच्या शेंगा.
म्हाताऱ्यानं माटोळीखाली उभं राहून
वर एक बोट नेलं, एका रिकाम्या जागेवर थांबवलं,
आणि जेवायला बसला.
काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शेतकी कचेरीतल्या पोरानं सांगितलं,
बिया मिठाच्या पाण्यात टाका, तरंगतील त्या पोकळ.
निम्म्या तरंगल्या.
बुडाल्या त्यातल्याही निम्म्या मातीतच निजल्या.
उरल्या त्यांना मी शेणखत दिलं, पाटाचं पाणी दिलं,
साळींदरानं एका रात्रीत वीस खाल्ली, त्याला शिव्या दिल्या.
धुण्याच्या दगडाजवळ मात्र एक आपोआप उगवलंय,
बुलबुलाच्या शिटेतून.
काही न करता सगळ्यांत तरारलेलं तेच.

तुम्ही दिलेली अश्वगंधा जुलैत कुजली.
तिला कोरडा मुलूख हवा, शेट,
इथं आमची लुगडीसुद्धा आठ-आठ दिवस दांडीवर ओली.
दुसऱ्याच्या देशातलं औषध इथं मागू नका,
इथलं मागा:
पोफळीवर पिंपळी चढलीय, दिवाळीनंतर वेचायला येईल,
पाटाच्या कडेला ब्राह्मी आहे, कापली की पुन्हा फुटते,
शतावरीची निम्मी मुळं देईन, निम्मी वेलीला.
भाव फोनवर ठरवू.
काटा मात्र आमच्या अंगणात लागेल,
आणि खणायचं कधी ते मी ठरवीन.

पाटल्या अजून हातात आहेत.
खणताना पारयीवर वाजतात.

आणखी एक. तुमचा ड्रायव्हर निघताना घुटमळला,
आईला रात्र-रात्र झोप नाही म्हणाला, एक मूळ मिळेल का.
मूळ नाही दिलं. आधी डॉक्टरला दाखव म्हटलं,
हे औषध डोळे मिटून घ्यायचं नव्हे.
रोप दिलं, करवंटीत,
टेम्पोत पुढं, त्याच्या पायांपाशी ठेवलंय.
ब्रेक जपून मारायला सांगा.

म्हणजे आता एकशे एकोणपन्नास.
दगडाजवळचं धरलेलं नाही.